अर्ध्या हवेवर स्थिर

मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शक आहे. पण डोळा लावून पाहायला माझ्याकडे नळी नाही. मी पाहतो ते थेट संगणकाच्या पडद्यावर उमटते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका महाविद्यालयाच्या तळमजल्यावर मी सहा वर्षे काम करतो आहे. माझे आरसे आणि कॅमेरा दुरून आले. लोखंडी बैठक मात्र इथल्याच गौसचाचांनी आपल्या वर्कशॉपमध्ये घडवली.

लेझरचा एक लाल किरण मी दोन वाटांनी सोडतो. एक वाट पेशीतून जाते, दुसरी मोकळी. दोन्ही पुन्हा भेटतात तेव्हा कॅमेऱ्यावर बारीक पट्ट्या उमटतात. पेशीतून आलेला प्रकाश किंचित मागे पडलेला असतो. किती मागे, ते पट्ट्यांच्या वळणावरून मोजून संगणक पेशीची जाडी काढतो. एरवी पारदर्शक पेशी दिसाव्यात म्हणून त्यांना रंग देतात, आणि त्यात त्या बहुधा मरतात. मी पेशीला रंग न लावता, जिवंतपणी पाहतो. याचा मला फार अभिमान आहे.

साठवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा आकार दिवसागणिक कसा बदलतो, हे इथली संशोधक विद्यार्थिनी तहरीम माझ्या मदतीने दोन वर्षे मोजत होती. गेल्या डिसेंबरात माझ्या पट्ट्या थरथरू लागल्या. एकाच पेशीची जाडी तीनदा मोजली, तर तीन आकडे येत.

विभागप्रमुख उदयसिंह सरांनी स्पष्ट सांगितले, "शुक्रवारी पुण्याहून मीनाक्षीबाई तपासणीला येताहेत. हे आकडे बघितले तर त्या काम बंद करायला लावतील. मग हे यंत्र कपाटात."

"सर, यंत्र चांगलं आहे हो!" तहरीम म्हणाली.

"चांगलं हाय, पण थरथरतंय की!"

तहरीमने गुरुवारी सकाळी गौसचाचांना बोलावले. त्यांनी मला हात लावला नाही. टेबलावर तळवा ठेवून ते नुसते उभे राहिले. एवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावलेला ट्रॅक्टर बाहेरच्या रस्त्याने साखर कारखान्याकडे गेला. माझ्या पट्ट्या नाचल्या.

"मशीन न्हाय, जमीन हलतीया," चाचा म्हणाले. "यंदा उसाच्या ट्रॉल्या ह्याच रस्त्यानं जात्यात. ह्याला ट्यूबवर बसवू."

स्कूटरच्या चार ट्यूब, त्यांवर जाड फरशी, फरशीवर मी. पंप स्वतः सर मारत होते.

"टाइट भरा, सर! बावड्याचं पाणी पिताय न्हवं?" चाचा ओरडले.

सरांनी घाम गाळून ट्यूब टणक केल्या. पुढचा ट्रॅक्टर आला आणि पट्ट्या पुन्हा नाचल्या. तहरीमचा चेहरा उतरला. तिने खाली वाकून एक ट्यूब दाबून पाहिली.

"चाचा, हिचा तर दगड झालाय! धक्का जिरणार कुठं?"

चाचा खो खो हसले. "व्हय की गं पोरी! कोल्हापुरात अर्धी हवा भरायची सवय हाय कुणाला?"

बोट रुतेल इतकी हवा सोडली. ट्रॅक्टर आला, गाण्यासकट गेला. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत.

शुक्रवारी मीनाक्षीबाईंनी स्वतः एक पेशी निवडली आणि तीच तीनदा मोजायला लावली. दुसऱ्या मोजणीच्या वेळी बाहेर दोन ट्रॅक्टर एकामागून एक गेले. उदयसिंह सर खिडकीकडे बघत राहिले, पडद्याकडे बघायचे त्यांना धाडस होईना. तिन्ही वेळा आकडा एकच आला.

"काम चालू ठेवा," बाई म्हणाल्या, आणि शेजारची पेशी दाखवायला सांगितली. तहरीमने लगेच ती पडद्यावर आणली. माझ्या पट्ट्या तशाच स्थिर होत्या.

मित्रांनो, माझ्या फरशीवर कोपर टेकू नका, आरशांना बोट लावू नका, आणि आठवड्याला ट्यूब दाबून बघत जा. एखाद्याचे काम चुकू लागले, तर त्याला कपाटात टाकण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन एकदा तपासा.