साडेचार ते पावणेपाच

पाळकसाहेबांनी त्या रविवारी वेळेच्या सदुपयोगावर प्रवचन दिलं. दिवस देवाचा असतो, तो आपल्याला सांभाळायला दिलेला असतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मंडळींनी माना डोलावल्या, घरी गेली आणि जेवून आडवी झाली. तासबाई मात्र पट्टी-पेन्सिल घेऊन वेळापत्रक आखायला बसल्या.

तासबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवताना त्यांचा एकही तास मिनिटभर उशिरा सुरू झाला नव्हता. आता त्या निवृत्त होत्या, तरी संडे स्कूल घेत, आणि तिथली मुलंही त्यांना तेच म्हणत. वेळापत्रकात सकाळची प्रार्थना होती, दहा ते अकरा दवाखान्यातल्या रुग्णांची भेट होती, दुपारी ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं होती. आणि एका चौकटीत लाल शाईने लिहिलं होतं: साडेचार ते पावणेपाच, दादा.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. वर्षभरापासून ते बाईंकडेच राहत होते, कारण एकदा शेगडीवर दूध ठेवून ते फिरायला निघून गेले होते. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आठवणी हळूहळू जातील. काही विचारायचं असेल तर आत्ता विचारून घ्या."

बाईंना एकच गोष्ट विचारायची होती. आई गेली तेव्हा त्या अडीच वर्षांच्या होत्या आणि दादा अकरा. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. आईला पाहिलेलं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं. बाईंजवळ आईचा एक पुसट फोटो होता आणि वडिलांचं एक वाक्य: "तुझी आई शिवणकाम करायची. एक क्षण वाया घालवत नसे." त्या एका वाक्यावर बाईंनी सगळं आयुष्य बेतलं होतं.

सोमवारी बरोबर साडेचारला त्या वही घेऊन दादांसमोर बसल्या.

"हं, दादा. आईबद्दल सांग."

दादांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वहीकडे. "परीक्षा आहे का?"

"परीक्षा कसली? आठवेल ते सांग."

"पेपर सोपा काढायचास की, चिमे," दादा म्हणाले आणि बोटं चोळत बसले. पंधरा मिनिटं संपली. बाईंनी वही मिटली.

मंगळवारी तेच. बुधवारी दादांना फक्त एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप आठवलं, तेही इंचासकट. शुक्रवारी ते चौकटीची वेळ होण्याआधीच घाबरेघुबरे झाले आणि म्हणाले, "आज मला बरं नाही, उद्या बसव." बाईंना करायचं काय ते सुचेना. शिस्त हे एकच औषध त्यांच्या हाताशी होतं.

पुढच्या रविवारी त्या मुलांना गोष्ट सांगत होत्या. एका अधिकाऱ्याची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, येशू तिच्या घरी निघालाय, गर्दीत एक आजारी बाई त्याच्या वस्त्राला हात लावते, आणि तो थांबतो. तिला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो.

पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसे. सतत प्रश्न विचारी म्हणून सगळे तिला भुणभुण म्हणत. तिने हात वर केला. "बाई, मग त्याला उशीर नाही झाला?"

"झाला."

"तो चिडला नाही?"

"नाही."

"तुम्ही चिडला असतात."

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या. "मी येशू नाही गं."

"ते माहितीये," भुणभुण अगदी समजूतदारपणे म्हणाली.

सोमवारी सकाळी पावणेदहाला बाई दवाखान्यात जायला निघाल्या. खांद्याला पिशवी लावून दारात चपला घालतात तोच पिशवीचा पट्टा मागून ओढला गेला. दादा खुर्चीतून वाकून पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपत होते.

"दादा, सोड. मला उशीर होतोय."

"असाच पट्टा होता," दादा म्हणाले. "निळा. एक टोक तुझ्या कमरेला, दुसरं आईच्या हाताला."

बाईंचा हात कडीवरच राहिला. घड्याळात नऊ सत्तेचाळीस झाले होते. दवाखान्यात एक म्हातारी दहापासून दाराकडे डोळे लावून बसे. बाईंनी पाळकसाहेबांच्या पत्नीला फोन केला. "आज दहाला तुम्ही जाल का? आजींना सांगा, मी संध्याकाळी येते." मग चपला काढल्या आणि जमिनीवरच बसल्या. वही आणायला उठल्या नाहीत.

"पट्टा कशाला, दादा?"

"तू रांगत जिन्याकडे पळायचीस ना! पट्टा ताणला की आई मशीन थांबवायची. तुला उचलायची, नाकाला नाक लावायची, परत खाली ठेवायची. लगेच तू परत ओढायचीस. लबाड होतीस. नुसतं थांबवायला ओढायचीस."

"आणि आई?"

"थांबायची. दर वेळी. गिऱ्हाइकं बोंब मारायची. बाबा म्हणायचे, अगं, एक बाही शिवायला सकाळ घालवलीस! ती म्हणायची, 'एक क्षणही वाया गेला नाही.'"

वडिलांचं वाक्य खोटं नव्हतं. फक्त ते आईचं होतं, आणि अर्धंच बाईंपर्यंत पोचलं होतं.

दादा आणखी काही सांगतील म्हणून त्या बराच वेळ बसून राहिल्या. पण त्यांनी पट्टा सोडला होता. "ही पिशवी कुणाची?" त्यांनी विचारलं. "शिवण कच्ची आहे."

"माझी. देशील पक्की करून?"

"ठेव तिथे. गुरुवारी ने."

दुपारी बाई मेजाशी एकाचं पत्र लिहीत होत्या. दादा शेजारी सुईत दोरा ओवत होते. मध्येच त्यांनी बाईंची बाही धरून हळूच ओढली. काही सांगायचं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची त्यांच्याकडे वळवली. भिंतीवरच्या घड्याळात अजून तीनच वाजले होते.

"बोल, दादा," त्या म्हणाल्या.