थेक्लाचा वरचा सूर आणि माझा गडगडाट

मित्रांनो, मी एक पत्रा आहे. जुना, एका कोपऱ्याला गंजलेला. छपरावर मात्र कधी बसलो नाही हं! जर्मनीत, सॅक्सनीतल्या एका लहान नाटकगृहात मला पडद्याआड टांगलं होतं. नाटकात वादळ आलं की पडद्यामागचा कामगार आल्विन माझी खालची कड धरून हलवायचा आणि मी गडगडायचो.

थेक्ला ब्रांट तिथे आधी कोरसमध्ये गायची. तिच्या पहिल्या मोठ्या भूमिकेच्या दिवशी आल्विनने नाटकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे, शकुन म्हणून तिच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं. "तोई, तोई, तोई!"

"आभारी आहे हं, आल्विनकाका!"

आल्विनने कपाळाला हात लावला. "अगं बये, याचे आभार मानायचे नसतात! शकुन फुकट घालवलास की!"

झालंही तसंच. शेवटच्या गाण्यात वरच्या सुराला तिचा आवाज चिरकला. आल्विनने घाईघाईने मला हलवलं. लोकांना वाटलं, हे वादळ नाटकातलंच. टाळ्याच टाळ्या! मग मालकांनी ठरवून टाकलं, त्या सुरावर गडगडाट हवाच.

त्या सुराने थेक्ला नावारूपाला आली. ड्रेस्डेनहून लोक यायचे. मला मात्र कुणी तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही. प्रयोग संपला की ती विचारायची, "काका, आज सूर लागला का हो?"

"मला कुठलं ऐकू येतंय, पोरी? मी पत्रा हलवत होतो."

मी गडगडत असताना मला तरी काय कळणार?

तिचे केस पिकले. आल्विन काठी टेकत यायचा, पण मला दुसऱ्याच्या हाती देत नसे. निरोपाच्या प्रयोगाला तिने त्याला बजावलं, "आज पत्र्याला हात लावायचा नाही."

"आणि चिरकला तर?"

"चिरकला तर चिरकला. माझं मला कळेल तरी."

आल्विनने तोई तोई केलं. या वेळी तिने आभार मानले नाहीत.

सूर आला. कापला, जरा खाली उतरला, पण तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही. टाळ्या नेहमीपेक्षा कमीच पडल्या. ती डोळे पुसत आत आली.

"ऐकलात?"

"ऐकला. थोडा खाली होता."

"होताच!" ती हसली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. "आभारी आहे, काका. आता म्हणायला हरकत नाही. उद्या मला कुठे रंगमंचावर जायचंय?"

आता मी सामानाच्या खोलीत पडून आहे. शाळेची मुलं नाटकगृह बघायला येतात आणि मला लाथा मारतात. मित्रांनो, लाथा मारू नका. माझी कड दोन्ही हातांनी धरा, हळू हलवा. आणि जवळ कुणी गात असेल, तर आधी त्याचं गाणं पुरं होऊ द्या.