आधी इंजिन, मग पाणी

“थांब. परत दाबू नकोस,” क्लॅरी म्हणाला. “आत पाणी आहे. इंजिनाचा रॉड वाकेल.”

नोएलीननं स्टार्टरच्या बटणावरचं बोट काढलं. जेट-स्कीच्या इंजिनानं एकदाच ठक् केलं होतं आणि मग ते गप्प बसलं होतं. क्लॅरी छपराखाली चाकांच्या खुर्चीत बसून बघत होता. पक्षाघातानं त्याची उजवी बाजू गेली त्याला तीनेक वर्षं होत आली होती. शब्द आता ओठांच्या एका कोपऱ्यातून, ओढत ओढत यायचे. पण बायकोला हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

“दुपारी डॅरिल येतोय ही न्यायला,” ती म्हणाली. “आणि आजच रुसायचं सुचलं हिला.”

“मग नको नेऊ दे.”

“तुझं बरं आहे रे. म्हणे नको नेऊ दे.”

ऑस्ट्रेलियात मॅनिंग नदी समुद्राला मिळते तिथं या दोघांनी निम्मा जन्म जेट-स्की भाड्यानं देण्यात घालवला होता. ती टपरीत बसून लाइफ-जॅकेटं द्यायची, चहा आणि खिमा भरलेले मीट-पाय विकायची. तो इंजिनांशी बोलायचा, गिऱ्हाइकांवर खेकसायचा. क्लॅरी आजारी पडल्यावर स्की एकेक करून गेल्या. ही एक जुनी पिवळी तेवढी राहिली होती. ती आज गेली की टारी गावातल्या केअर होमची अनामत भरता येणार होती. तिथं एक खाट रिकामी झाली होती, आणि आज होकार पक्का केला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. क्लॅरीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. स्कीच्या पैशांत न्हाणीघर दुरुस्त करू, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं.

खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं. पण तिची कंबर गेली होती. रोज त्याला उचलायचं, न्हाऊ घालायचं, पुसून पुन्हा खुर्चीत बसवायचं. मागच्या महिन्यात दोघं मिळून न्हाणीघरात पडले. तो तिच्या अंगावर आणि ती भिंतीला चेपलेली. शेजारची मार्ज हाका ऐकून येईपर्यंत दोघं तसेच पडून होते. क्लॅरीनं तेवढ्या दोन शिव्या हासडल्या. नदी परसदाराशी होती, पण तिच्या पाण्यात पाय बुडवायला नोएलीनला सवड झाली नव्हती. औषधांचं दुकान ते घर, घर ते औषधांचं दुकान. घाण्याच्या बैलाला निदान संध्याकाळी सोडतात तरी.

तिनं स्कीचं आसन उचललं आणि प्लगचा पाना घेतला. इंजिन जुनं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचं. नवऱ्याच्या मागं उभं राहून तिनं ते इतक्यांदा उघडलेलं पाहिलं होतं की हात आपोआप चालत होते. पुढचा प्लग निघाला तो निथळतच. तिनं भोकात बोट घातलं, ते ओलं झालं. तपकिरी थेंब हुंगला तर पेट्रोलचा वास फिका होता. मग तिनं बोट जिभेला लावलं आणि थुंकली.

पाणी खारं नव्हतं.

इथल्या भरतीच्या पाण्याचं बोट जिभेला लावलं तर तोंड वाकडं होतं. हे घरच्या नळाचं होतं. ती पाना हातात धरून उभी राहिली. काल सकाळी इंजिन आतून धुवावं म्हणून तिनं बागेचा पाइप स्कीच्या मागच्या तोंडाला जोडला होता. तेवढ्यात केअर होमचा फोन आला, आणि पाइप तसाच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. आली तेव्हा इतकी गडबडली होती की धुणं राहूनच गेलं आणि पाइप काढून तिनं गुंडाळून ठेवला.

या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला क्लॅरी पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचा. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं की पाणी एक्झॉस्टमधून मागं फिरतं आणि सिलिंडरात जाऊन बसतं. तिनं भिंतीवरच्या नळाकडं पाहिलं. नळ क्लॅरीच्या डाव्या हाताशी होता आणि त्याच्या डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी होती.

“क्लॅरी, हे पाणी गोडं आहे.”

तो मार्जच्या धक्क्यावर बसलेल्या पेलिकनकडं बघत राहिला.

“मी उघडायच्या आधीच तू म्हणालास, आत पाणी आहे.”

“तीस वर्षं इंजिनं ऐकतोय मी.”

“नळ तू सोडलास.”

“लागला असेल हात. एकच उरलाय, तो तरी किती गप्प बसणार?”

“चेष्टा पुरे.”

“खिडकी उघडी होती,” तो म्हणाला. “तू त्या बाईला म्हणालीस, हो, आम्ही तयार आहोत. मी म्हटलं, आम्ही कोण? खाट तर एकच आहे.”

नोएलीन ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसली. तिला भयंकर राग आला होता आणि त्याहून भयंकर लाज वाटत होती.

“मग मला विचारायचंस. इंजिन कशाला बुडवलंस?”

“तू मला सांगितलंस?”

तिनं पाना मांडीवर ठेवला. “मला उचलवत नाहीस रे तू आता. खरंच नाही उचलवत. त्या दिवशी पडलो ना, तेव्हा मला वाटलं, मार्ज नाही आली तरी चालेल.”

क्लॅरीनं मान फिरवली. स्कीला असंच पडू दिलं की दोन दिवसांत आतून गंज धरेल आणि मग ती कुणीच घेणार नाही, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“दुसरा प्लगही काढ,” तो म्हणाला.

ती बघत राहिली.

“काढ म्हणतो ना. आणि दोन्ही वायरी लोखंडाला टेकव, नाहीतर ठिणगी उडून भुवया जाळून घेशील. तुझ्या दिसण्यावरच तर घर चाललंय.”

तिनं तसं केलं. भोकांवर चिंधी टाकली.

“दाब आता.”

पाणी फसकन वर आलं, चिंधी उडाली आणि नोएलीनच्या तोंडावर तेलकट तुषार बसला. क्लॅरी हसला. “अजून,” तो म्हणाला. “थांब, स्टार्टरला दम घेऊ दे. हं, अजून.” पाणी कमी होत होत शेवटी नुसती वाफ यायला लागली. तिनं दोन्ही भोकांत तेल सोडलं, पुन्हा फिरवलं, नवे कोरडे प्लग बसवले. पाइप जोडला, पण नळाला हात लावला नाही.

पहिल्या खेपेला इंजिन खोकलं. दुसऱ्या खेपेला पांढराशुभ्र धूर काढत पेटलं. मार्जचा कुत्रा भुंकायला लागला. नोएलीननं क्लॅरीकडं पाहिलं. त्यानं डावा हात लांब केला, नळ सोडला, आणि स्कीच्या कुशीतून पाण्याची धार पडेपर्यंत कान देऊन ऐकलं. बऱ्याच वेळानं त्यानंच नळ बंद केला. तिनं दोनदा रेस दिली, उरलेलं पाणी बाहेर फेकलं आणि इंजिन बंद केलं.

डॅरिल शाळेची बस चालवायचा. स्की त्याला मासेमारीला हवी होती. जेवणवेळेला आला आणि स्की सुरू करून बघून खूश झाला. “काही खोड आहे का हिची, क्लॅरी?”

“हिची नाही. आधी इंजिन, मग पाणी. म्हणून दाखव.”

“आधी इंजिन, मग पाणी,” डॅरिलनं पोरासारखं म्हटलं.

“कालच एका गाढवानं उलटं केलं होतं.”

“कुणी?”

“घरचंच आहे.”

नोएलीननं तोंड फिरवून पाइप गुंडाळायला घेतला. डॅरिलनं ट्रेलर गाडीला अडकवला आणि वळणावर हॉर्न वाजवून तो गेला. छपराखाली एवढी जागा असेल असं कधी वाटलं नव्हतं. ती आत जाऊन केअर होमला फोन करून आली. या खेपेला खिडकी मुद्दाम उघडी ठेवली.

“कधी नेतात?” क्लॅरीनं विचारलं.

“गुरुवारी.”

“हं.”

“मी रोज येईन. बस आहे.”

“रोज नको. कंबर सांभाळ.” त्यानं डाव्या हातानं मान चाचपली. “बुधवारी माझे केस काप. मानेवरचेसुद्धा. कानातले राहतात तुझ्याकडून नेहमी.”

“तिथं येतो म्हणे न्हावी.”

“येऊ दे. पहिल्या दिवशी मी तुझ्या हातचा जाणार. ह्याचं घरी कुणी नाही असं वाटायला नको त्या बायकांना.”

बुधवार अजून लांब होता. तरी नोएलीन उठली, आत जाऊन कात्री शोधली, आणि तिला धार आहे का ते आपल्याच केसांच्या टोकावर बघितलं.