बसमामांची रंगीत तालीम

शाळेच्या साऱ्या बसगाड्यांचा कारभार ज्यांच्याकडे होता, त्या गृहस्थांना अख्खी शाळा बसमामा म्हणायची. खरे मामा मात्र ते एकाच मुलीचे. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा आणि जीव घाबराघुबरा व्हायचा, म्हणून तिच्या आईने तिला भावाच्या भरवशावर याच शाळेत घातलं होतं. एरवी तिला कशाचंही हसू यायचं. मामा तिला खिदळी म्हणत.

तर एक दिवस वरून फर्मान आलं. बसमध्ये एखाद्या मुलाला ॲलर्जीचा जोराचा झटका आला तर शाळा काय करते, याचं प्रात्यक्षिक शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येऊन बघणार होते. खरं सांगायचं तर शाळा देवाचं नाव घेत असे. पण ते काही साहेबांना दाखवण्यासारखं नव्हतं. मामांनी कंबर कसली. गाडी आतूनबाहेरून धुतली, सीटना नवी कव्हरं चढवली, चालकाच्या गळ्यात टाय अडकवला, फाटकात एक रुग्णवाहिका शोभेला आणून ठेवली. आजारी मुलीच्या कामासाठी खिदळीला निवडलं. घरचीच पोर, शिवाय विषयाचा अनुभव. असा झटका आला की मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन तेवढं सरावाचं, बिनसुईचं होतं.

तालमीत मात्र या पोरीने मामांच्या नाकी नऊ आणले. गळा धरून सीटवर कोसळायचं, एवढंच तिचं काम. पण कोसळता कोसळता तिला हसू फुटायचं आणि तिचं बघून सगळी बस खिदळायची.

"अगं, श्वास कोंडलाय ना तुझा? मग बत्तीशी कसली दाखवतेस?" मामा कपाळाला हात लावायचे. "साहेबांसमोर हसलीस तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज."

"नाही हसणार मामा, शप्पथ," असं म्हणून ती पुन्हा हसायची.

तो दिवस उजाडला. दप्तरांनी गाडी गबाळी दिसते, म्हणून मामांनी ती सगळी खेळाच्या खोलीत नेऊन टाकायला लावली. खिदळीचं खरं पेन तिच्या दप्तरात होतं. तेही गेलं.

साहेब आले. मुलांचे लाडके व्हायची त्यांना भारी हौस, त्यामुळे चॉकलेटांचा डबाच घेऊन आले होते. प्रत्येक सीटपाशी थांबून ते स्वतःच्या हाताने वाटत सुटले. ॲलर्जीची तपासणी करायला आलेला माणूस खाऊ वाटतोय, हे कुणालाच खटकलं नाही. मुख्याध्यापकांनी तर दोन घेतली. खिदळीची पाळी आली. मामांना विचारल्याशिवाय बाहेरचं काही खायचं नाही, अशी तिला आईची सक्त ताकीद होती. तिने मामांकडे पाहिलं. साहेबांचा हात पुढे झालेला. मामांनी डोळ्यांनीच खुणावलं, घे, खा.

प्रात्यक्षिक सुरू झालं. खिदळी गळा धरून कोसळली आणि चक्क हसली नाही. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"फारच नैसर्गिक!" साहेब म्हणाले.

गाडीतल्या मदतनीस ताईंनी सरावाचं पेन तिच्या मांडीवर टेकवलं. मुलांनी ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. आता खिदळीने उठून साहेबांचे आभार मानायचे होते. ती उठेना.

"ऊठ गं, संपलं," मामा पुटपुटत तिच्यावर वाकले. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ओठ सुजले होते. हे काही मामांनी बसवलेलं नव्हतं.

"खरं आहे हे! अहो, खरं आहे!" ते किंचाळले.

"मामांचं कामही छान बसवलंय हं," साहेब मुख्याध्यापकांच्या कानात म्हणाले.

मामा पोट सांभाळत खेळाच्या खोलीकडे धावले. दप्तरांचा हा ढीग, आणि शिस्त म्हणून सगळी एकाच रंगाची. तीही मामांचीच कल्पना! एकेक दप्तर उपडं करताना त्यांनी स्वतःला नाही नाही त्या शिव्या दिल्या. अखेर पेन सापडलं. तसेच धावत परत येऊन त्यांनी ते पोरीच्या मांडीत दाबून धरलं. शोभेची रुग्णवाहिका पहिल्यांदाच कामाला लागली.

संध्याकाळी दवाखान्यात बहीण त्यांच्याकडे पाठ करून पोरीच्या उशाशी बसली होती. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. साहेब बेहद्द खूश होते. मामांच्या धावपळीचा भाग जरा लांबला, एवढंच काय ते म्हणणं. मामांनी फोन ठेवला.

खिदळीने डोळे उघडले. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून तिने मामांना जवळ बोलावलं.

"मामा, आज नाही ना हसले मी?"

"नाही गं बाई," मामा म्हणाले, आणि तिच्या पलंगाची कड धरून सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.