गुंडीसाठी स्थळ

हसणार नसाल तर सांगते. तू आत्ताच हसतेयस, तू बाहेर जा. बरं, बस. पण मध्ये कुणी बोलायचं नाही. मला एका दमात सांगून टाकू दे, नाहीतर परत लाज वाटून गप्प बसेन.

तर आमची मांजर, गुंडी. मी ज्या प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते ना, तिथे तिला कुणीतरी आणून सोडलं होतं. कुठल्याशा लोखंडी गेटमध्ये सापडून तिची कंबर गेली. पुढचे पाय धडधाकट, मागचे नुसते ओढत नेते. फरशीवरून अशी सुर्रकन जाते की दादाने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं घसरगुंडी, त्याची झाली गुंडी. दिसायला म्हणाल तर राणी. पण तिला शू आपली आपण होत नाही. दिवसातून तीन-चारदा तिचं पोट हातात धरून हळूच दाबायचं, मग होते. नाही दाबलं तर तुंबते आणि वाट्टेल तिथे गळते. डॉक्टर म्हणाले, अशी तुंबत राहिली तर फार दिवस काढणार नाही.

मी म्हटलं, घर मिळेपर्यंत मी नेते. मोठ्या ऐटीत! आई म्हणाली, "स्वतःसाठी स्थळं बघायच्या वयात ही मांजरीसाठी बघतेय." पण ठेवून घेतली तिने. अट एकच, वहिनी बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत गुंडी गेली पाहिजे. आणि वहिनी येणार होती या रविवारी. कुणीच नाही मिळालं तर मग ते प्राण्यांचं अनाथालय. तिथे मांजरं ढीगभर आणि बघायला माणूस एक. तो कुणाकुणाची पोटं दाबणार?

म्हणून मी लोकांच्या मुलाखती घेत सुटले. आणि मला त्याचा काय माज होता म्हणून सांगू! समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचे, "तुम्हाला राग येतो का?" सगळे म्हणायचे, छे छे. एक जिमवाला तर म्हणाला, "ताई, माझ्याइतका शांत माणूस शोधून सापडणार नाही." त्याने नेली. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर खोकं, खोक्यात गुंडी, चिंब ओली, पोट दगडासारखं. मी त्याला फोनवर असं झापलं, "माणूस आहात का तुम्ही? मुक्या जिवाशी असं वागतात?" अख्खा दवाखाना ऐकत होता. आणि मला आतून फार भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग फोन आला शिंपीणकाकूंचा. चौकात ते आल्टरेशनचं दुकान आहे ना, पुढे मशीन, पडद्यामागे घर, त्या. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून काकू कधी कुठे जात नाहीत. गुंडीचा फोटो त्यांना कुणा गिऱ्हाइकाने दाखवला होता.

"गुंडी म्हणजे बटणाची का गं?"

"नाही काकू, घसरगुंडीची."

"मग बरं. बटणं पुष्कळ आहेत माझ्याकडे."

मी म्हटलं, तिचं काय काय करावं लागतं ते मी तुम्हाला व्हॉइस मेसेज करून सांगते, मग भेटायला येते, थोडे प्रश्न विचारायचे असतात. प्रश्न! मी विचारणार!

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले. खरंतर दुपारी मधल्या सुट्टीत जाऊन गुंडीला दाबायचं होतं, पण गेले नव्हते. तुमच्याबरोबर खिदळत बसले होते, आठवतंय? तर आले, फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग लॉक केलं, म्हणजे बोट धरून बसावं लागत नाही, आणि अगदी मधाळ आवाजात सुरू, "नमस्कार काकू, आपली गुंडी ना, स्वभावाने फार गोड आहे, तिला फक्त थोडं समजून घ्यावं लागतं..." आणि बघते तर काय! आईने बाळाची दुपटी, झबली धुऊन, इस्त्री करून, खाली चादरीवर गठ्ठे लावून ठेवलेले, आणि बाईसाहेब त्यावर पसरलेल्या. सगळं पिवळं.

मी जे काही बोलले ना. "मर ना एकदाची! सुटेन तरी मी!" हे त्यातलं सांगण्यासारखं. तिला मानगुटीला धरली आणि बाथरूममध्ये आपटली. आपटली म्हणजे... ठेवली जोरात. नाही. आपटलीच. ती ओरडली पण नाही, नुसती भिंतीला चिकटून बसली.

मग कपडे भिजवले, तिला दाबलं, पुसलं, बाहेर आले तर टेबलावर फोनमध्ये आवाजाची ती रेघ अजून नाचतेय. सगळं रेकॉर्ड! घाईघाईत काढून टाकायला गेले आणि दाबला पाठवायचा बाण. डिलीट करेपर्यंत ऐकल्याची खूण पण आली. ही बाई मशीनवर बसल्या बसल्या लगेच ऐकते!

मला कळेना कुठे तोंड लपवू. माफीचा मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. दादा म्हणाला, "आता तुझी मुलाखत." काकूंचं उत्तर आलं, "उद्या मांजर घेऊन ये." पुढे काही नाही. रागाने की कशाने, काहीच कळत नव्हतं. म्हटलं, माझ्या तावडीतून सोडवायला बोलावलं असेल.

शनिवारी बास्केटमध्ये गुंडी घेऊन दुकानात शिरले. काकू कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होत्या, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. मी तोंड उघडायच्या आत पडद्यामागून आवाज, "आली का गं ती? 'मर ना एकदाची'वाली?"

"आईने ऐकलंय," काकू टाचण्या न काढता म्हणाल्या. "फोन मोठ्याने लावते मी, हात रिकामे नसतात. दोन गिऱ्हाइकं पण होती."

दोन गिऱ्हाइकं! म्हणजे आता त्या चौकातून जायची सोय नाही.

"काकू, मी काल..."

"ते राहू दे. प्रश्न विचारणार होतीस ना? विचार."

"नको काकू."

"नको कसं? मांजर द्यायचंय ना? विचार."

कसंबसं म्हटलं, "तुम्हाला राग येतो का?"

"येतो."

"येतो?" पडद्यामागून आजी. "दुकानाच्या पाटीवर लिहून घे म्हणावं!"

"आई, गप्प बस!"

"बघ. हे असं," आजी मला म्हणाल्या.

काकूंनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "परवा हिने ताट उडवून लावलं. मी म्हटलं, राहा उपाशी. दार आपटून इथे येऊन बसले, चांगली बसले. मग गेले, दुसरं ताट वाढलं, भरवलं. हे मी कुणाला सांगत नाही. तुझं ऐकलं म्हणून सांगतेय."

मी मान हलवली. मग गुंडीला काढली, पोट कसं धरायचं दाखवलं. काकूंनी धरलं, पण जरा जास्तच दाबलं. गुंडी करकचून चावली, आणि धार थेट त्या गिऱ्हाइकाच्या पँटवर.

"अगं ए भवाने!" काकू किंचाळल्या. "कार्टे, अक्कल आहे का?"

आणि ऐका, आता हे सगळ्यात वाईट. मी गुंडीला माझ्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाले, "राहू दे काकू. मी घेऊन जाते हिला." अगदी तोच आवाज, जिमवाल्याला लावला होता तो. माझं मलाच ऐकू आलं, पण तोवर बोलून झालं होतं.

काकूंनी बोटावरचं रक्त चिंधीने पुसलं. "कुठे नेणार?"

दुसऱ्या दिवशी रविवार.

गुंडीला परत टेबलावर ठेवलं. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून टेबलावरच्या खडूच्या रेघा बघत बसले. काकूंनी हात धुतले, पँट बादलीत टाकली, आणि म्हणाल्या, "दाखव परत. बोटं कुठे ठेवायची?"

तिसऱ्या खेपेला जमलं. "आईला बघायला म्हणून गजर लावलेलेच असतात," त्या म्हणाल्या, "त्यातच हिचं उरकेन." आजी ओरडल्या, "आधी माझं!" काकू म्हणाल्या, "जी जास्त ओरडेल तिचं आधी," आणि पहिल्यांदाच हसल्या. गुंडी टेबलावरून उतरायला बघत होती, काकूंनी न बघता कोपर आडवं घातलं.

मी निघाले. निघाले म्हणजे पळालेच. बाहेर आले, रिकामी बास्केट इतकी हलकी लागली हाताला, की मी ती गोल फिरवली. भर रस्त्यात एक गिरकी पण घेतली. सुटले, सुटले, एवढंच डोक्यात. गुंडीकडे मागे वळून बघितलं पण नव्हतं मी. आणि गिरकी घेऊन थांबले तर समोर दुकानाच्या दारात काकू, हातात माझं जॅकेट. विसरले होते आत. सगळं बघितलं त्यांनी.

मी परत गेले.

"घे," त्या म्हणाल्या. "गार आहे बाहेर."

मी घेतलं. मान वर करवेना. आतून आजी विचारत होत्या, "गेली का गं ती?"

"गेली," काकू म्हणाल्या, मी तिथेच समोर उभी असताना, आणि दार हळूच लोटून घेतलं.