पुतळाबाईचा आठवा नंबर

"आठवा नंबर खारघर," पुतळाबाई म्हणाली, आणि गोटीरामचं फोनवर चालणारं बोट जागच्या जागी थांबलं.

"वैनी, पक्का ना? गेल्या सालाला त्या पोरी चवथ्या व्हत्या."

"गेल्या सालाला तुज्या डोक्यावर केस पन व्हतं. लिव, आठवा."

गोटीरामने लिहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "आन कारन काय टाकू? लोकं इचारतात."

पुतळाबाईने ओट्यावरचं सुपारीचं खांड तोंडात टाकलं, जरा वेळ घोळवलं. "लिव, ऐरोलीच्या पुलाखाली म्हातारा जिताडा ऱ्हातो. माज्या सासऱ्याच्या वलखीचा. काल भरतीला वर आला आन बोलला, पुतले, खारघरवाल्यांचं ह्या सालाला काय खरं नाय."

गोटीरामने तेही इमानदारीत लिहिलं आणि आठ कॉलेजांच्या ग्रुपवर सोडून दिलं.

हा जिताडा मासा तळवलीत सगळ्यांना माहीत होता. पुतळाबाईच्या सासऱ्यांनी म्हणे त्याच्या आजोबाला एकदा जाळ्यात धरला होता. तो एवढा मोठा, की पोट फाडलं तर आतून घणसोलीची बस निघाली, आणि कंडक्टर सुट्या पैशांवरून अजून भांडत होता. ऐकणारा हसला की पुतळाबाई गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "हसतंस काय? तिकीट दाखवू?"

खाडीकाठ लीग ही मुलींच्या फुटबॉलची. आठ कॉलेजं. सीझन सुरू व्हायच्या आधी कोण कितवं येणार याचा अंदाज काढायची त्यांची पद्धत होती. पूर्वी आठ कॉलेजांचे पीटीचे सर मतं द्यायचे. मतं मोजली की आठही कॉलेजं पहिली यायची. शेवटी लीगचा सेक्रेटरी गोटीराम वैतागला. तो शोधायला लागला असा माणूस, जो आठही मैदानांवर जातो पण आठातल्या एकाचाही नाही. असं माणूस एकच होतं. पुतळाबाई म्हात्रे, वय सदुसष्ट, जाळंवाली.

खाडीतली मासळी कमी झाली, घरातली होडी गेली, नवरा गेला, पण जाळं विणायची लाकडी सुई तिच्या हातात राहिली. मग कोणीतरी तिला एका कॉलेजच्या गोलपोस्टचं फाटकं जाळं दाखवलं. तिने ते असं शिवलं की दुसऱ्या कॉलेजने बोलावलं, मग तिसऱ्याने. दर श्रावणात, लीग सुरू व्हायच्या आधी, ती पिशवीत नायलॉनची दोरी घेऊन आठ मैदानं फिरायची.

फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. एक आख्खी मॅच तिने कधी बसून बघितली नव्हती. ऑफसाइड म्हणजे मैदानाबाहेर जाऊन पाणी पिणं, अशी तिची पक्की समजूत. पण तिला भोकं कळायची. खालचं भोक कुत्र्याचं. मधलं भोक उन्हाचं. वरच्या कोपऱ्यातलं भोक मात्र पोरींचं, जीव लावून मारलेल्या बॉलचं. ज्या कॉलेजच्या सरावाच्या जाळ्याला वरच्या कोपऱ्यात भोकं जास्त, ते कॉलेज वर. ज्याचं जाळं धड, ते तळाला. एवढाच हिशोब. तो तिने कोणाला सांगितला नव्हता. भोकं मोजणाऱ्या बाईला कोण विचारणार? जिताड्याच्या ओळखीच्या बाईला मात्र हळदीतसुद्धा खुर्ची मिळायची, "अंदाजवाली काकी आली, सरका रे." सहा वर्षांत तिचा पहिला आणि शेवटचा नंबर एकदाही चुकला नव्हता.

या वर्षी खारघरच्या टेकडीखालच्या कॉलेजचं जाळं धड होतं.

म्हणजे तसं तिला वाटलं. आता ही गोष्ट पुतळाबाईने कोणालाच सांगितली नव्हती, सून स्नेहललासुद्धा नाही. शिमग्यापासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे ताक सांडल्यासारखं झालं होतं, आणि डावाही त्याच वाटेवर होता. ती माणसं आवाजावरून ओळखायची, बोंबील वासावरून आणि भोकं बोटांनी. सात मैदानांवर तिने जाळं हाताने चाचपलं. खारघरला मैदानात घोट्याएवढा चिखल होता. गोलपोस्टजवळून गोलकीपर पोरगी ओरडली, "आजी, आमचं जाळं नीट आहे, काही काम नाही, या चहा घ्या!" पुतळाबाईने कडेला उभं राहून बघितलं. पांढरं पांढरं, अखंड दिसलं. चहा प्यायली आणि घरी आली.

अंदाज ग्रुपवर गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी, फजल सर दारात उभे. खारघरच्या कॉलेजचे पीटीचे सर. उरणकडचे, सावकाश बोलणारे. आज मात्र धापा टाकत होते.

"मावशी, तुम्ही आमची वाट लावली."

"अगो बाय! मी काय केलं?"

"आमचे अध्यक्ष आहेत ना, धर्मराजशेठ. त्यांनी तुमची लिस्ट बघितली. म्हणतात, काकीचा शब्द सहा वर्षांत खाली पडला नाही. शेवटच यायचं तर बस कशाला, जर्सी कशाला? नाव काढून टाका. मैदान बॉक्स क्रिकेटला देऊ." फजल सर ओट्यावर टेकले. "टीम बंद, मावशी. आज पाच वाजता एन्ट्री बंद होते. फॉर्मवर त्यांची सही नाही."

आतून स्नेहल पाणी घेऊन आली. "सर, पण आईंचं काय ते मस्करीतलं असतं. मासा बोलला म्हणे! त्यावर कॉलेज चालतं का?"

"भाभी, आमच्याकडे सगळं त्याच्यावरच चालतं."

गंमत म्हणून सोडलेला बाण कोणाच्या तरी पोरींना जाऊन लागला होता. पण शब्द मागे घ्यायचा म्हणजे सहा वर्षांचं नाव पाण्यात.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," फजल सर म्हणाले. "फक्त एकदा चला. पोरींना खेळताना बघा. मग म्हणा आठवा, मी काही बोलणार नाही."

"मना खेलातलं काय कलतं, सर?"

"मग सहा वर्षं काय बघत होता?"

पुतळाबाईने पदर खोचला. स्नेहलने ऑफिसात फोन करून सुट्टी टाकली आणि तिघं सरांच्या गाडीतून खारघरला निघाली. रस्ताभर पुतळाबाईने एकही थाप मारली नाही. स्नेहलला वाटलं, आईंना ताप वगैरे आला की काय.

मैदानावर पोरी पळत होत्या. कोण काय करत होतं ते पुतळाबाईला दिसलं नाही, नुसते रंग इकडून तिकडे हलले. ती चपला हातात घेऊन सरळ चिखलातून गोलपोस्टकडे गेली आणि दोन्ही हात जाळ्यावर ठेवले.

खाली काही नाही. मध्ये काही नाही. हात वर गेला, तिने टाचा उचलल्या, आणि बोटं एका गाठीवर थांबली. शेजारी दुसरी गाठ. तिच्यावर तिसरी. बारीक, घट्ट, टोकं आत दाबलेली, हात फिरवला तर लागूही नये अशी. उजव्या कोपऱ्यात जुन्या जाळ्याची दोरी शोधावी लागत होती, एवढ्या नव्या गाठी. तिने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. बाकीच्या सात कॉलेजांत मिळून एवढी भोकं नव्हती.

"जल्ला मेला!" पुतळाबाई पुटपुटली. मग मोठ्याने, "हे कोनी शिवलं?"

बॉलचा आवाज थांबला. गोलकीपर पोरगी पुढे आली. उन्नती तिचं नाव, जासईची.

"मी, आजी. सॉरी."

"सॉरी कशाला? ही गाठ कुठं शिकलीस?"

"आमच्या आजोबांनी शिकवली. आमच्याकडे आता जाळं टाकायला जागाच नाही, सगळे बंदराचे कंटेनर. पण ते घरात बसून विणतात. इथे रोज दोन-तीन भोकं पडायची, बॉल मागच्या नाल्यात जायचा. म्हणून मीच शिवायला लागले."

"मंग त्या दिवशी बोलली का नाय?"

उन्नती चिखलात पाय घासत म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांबून आलात. मला वाटलं, पोरीने माझ्या कामात हात घातला म्हणून तुम्हाला राग येईल."

पुतळाबाईला हसावं की रडावं कळेना. तिच्या डोळ्यांत थोडी जरी धार असती तर या गाठी वीस पावलांवरून ओळखल्या असत्या.

"सर," ती म्हणाली, "शेठकडं चला."

धर्मराजशेठ कॉलेजच्या ऑफिसात खिडकीकडे पाठ करून बसले होते. मूळचे इथलेच, बापजाद्यांची भातशेती, आता इमारती. पुतळाबाईला बघून ते उभे राहिले.

"या काकी, या! बसा. चहा सांग रे कोनीतरी."

"चहा नको. धर्मराज, मी चुकलंय. ह्या पोरी आठव्या नाय. यांच्या फॉर्मवर सही कर."

शेठ गालात हसले. फजल सरांकडे बघून बोट नाचवलं. "सर, काकीला पटवून आनलात काय?"

"मना कोन पटवतं! मी जाल्याची भोकं बगून नंबर काढतंय. ह्यांचं जालं शिवलेलं व्हतं, ते मना दिसलं नाय. मना डोल्यांनी दिसतच नाय, शिमग्यापासून."

शेठ खदाखदा हसायला लागले. "काकी, काकी! जिताडा बरा व्हता. म्हने भोकं बगून! आन दिसत नाय तर आठ मैदानं काय उडत फिरलीस?"

स्नेहलही हसली. फजल सरसुद्धा मान खाली घालून हसले. पुतळाबाईने जन्मभर थापा मारल्या, लोकांनी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. आज पहिल्यांदा खरं बोलली तर एकालाही पटेना.

"आई, खरंच पुरे आता," स्नेहल म्हणाली.

"मी देवाशपथ सांगतंय."

"बरं, बरं," शेठ डोळे पुसत म्हणाले. "मंग सांग, मी शर्ट कंच्या रंगाचा घातलाय?"

पुतळाबाईने त्यांच्याकडे बघितलं. खिडकीतून येणारा उजेड आणि त्यात एक माणसाएवढं धुकं. पण धर्मराजला तिने लहानपणापासून पाहिलेलं. कपाळावर आठी न आणता म्हणाली, "सफेद. लगनापासून तू दुसरा रंग अंगाला लावलास कवा?"

हसणं एकदम थांबलं.

शेठनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तो गुलाबी होता. चांगला बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी. आज त्यांच्या नातीचा, ऋताचा वाढदिवस होता आणि तिने हट्ट करून तो घालायला लावला होता. सकाळपासून कॉलेजातला शिपाईसुद्धा त्याच्यावरून गालात हसत होता.

"काकी," शेठ हळू आवाजात म्हणाले, "गुलाबी हाय."

"आँ? तुज्या वयात?"

आता कोणी हसलं नाही. स्नेहलने सासूचा चेहरा स्वतःकडे वळवला आणि जवळून डोळ्यांत बघितलं. गेल्या सहा महिन्यांतलं सगळं तिला एकदम आठवलं असणार, भातातले खडे, उलटा घातलेला ब्लाउज, दोनदा मीठ पडलेली आमटी.

"सांगायचं नाही का हो, आई?"

"सांगितलं असतं तर सुई काढून घेतली असतीस. टीव्हीपुढं बसवलं असतंस."

"मोतीबिंदू आहे, आई! अर्ध्या तासाचं काम असतं. शेजारच्या कुंदनच्या आईने केलं नाही का? आठ दिवसांत मच्छी मार्केटला जाऊन भांडत होती."

"अर्धा तास?" पुतळाबाईने विचारलं. "नक्की?"

"नक्की."

पुतळाबाई खुर्चीत मागे टेकली. इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले, असं फजल सर नंतर सगळ्यांना सांगत होते, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. सहा महिने छातीवर बसलेला दगड उतरला होता. तिला आपल्याच अंगाचं नवल वाटलं, किती हलकं झालंय.

शेठनी फॉर्म पुढे ओढला, सही केली. "बॉक्स क्रिकेटचं मंग बगू," ते म्हणाले, आणि मान वर न करता पुढे, "सर, त्या गोलकीपर पोरीला नवीन दोरी आनून द्या. चांगली."

साडेतीन वाजले होते. फजल सरांनी फॉर्मचा फोटो पाठवला आणि गोटीरामचा लगेच फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"वैनी, हे काय? खारघर हाय का नाय? मंग आता कितवा नंबर लिवू?"

"त्यांचा नंबर त्या पोरी काढतील. तू आठव्यावरून त्यांचं नाव खोड."

"आन आठवा रिकामा ठेवू? लिस्ट कशी दिसंल?"

पुतळाबाईने क्षणभर विचार केला. "रिकामा कशाला? आठव्यावर माजं नाव घाल. पुतलाबाय म्हात्रे, तलवली."

"कारन काय लिवू?"

"लिव, चुकली."

पलीकडे फोनवर बोटं टकटकली. मग गोटीराम म्हणाला, "लिवलं."

परतताना फजल सरांनी दोघींना रिक्षात बसवून दिलं. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, किती दिवस डोळ्यात थेंब घालायचे, स्नेहल फोनवर विचारत राहिली आणि पुतळाबाई चक्क ऐकत राहिली. तळवलीच्या नाक्यावर त्या उतरल्या तेव्हा शाळा सुटली होती. समोर ठाणे-बेलापूर रोड, चारी बाजूंनी हॉर्न. आजवर हा रस्ता पुतळाबाईने हात वर करून, गाड्यांना शिव्या देत, एकटीने ओलांडला होता. सून बरोबर असली तरी दोन पावलं पुढे.

ती कडेला थांबली. मग चाचपडत हात पुढे केला आणि स्नेहलचा दंड धरला.

स्नेहलने फोन पर्समध्ये टाकला, पाऊल जरा आखूड केलं, आणि दोघी रस्त्यात उतरल्या.