हसवायच्या कपड्यांची पेटी

मालिकांच्या स्टुडिओत कपडे शिवणाऱ्या मावशीला भाचीचा अभ्यास म्हणजे डोक्याला ताप झाला होता. पोरगी विद्यापीठात शिकायची. मालिकेत बाई कशी दाखवतात, पुरुष कसा दाखवतात आणि पुरुषावर जीव जडलेला पुरुष कसा दाखवतात, हा तिचा विषय.

"एवढ्यासाठी विद्यापीठ?" मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "बाई रडते, पुरुष ओरडतो, आणि त्या तिसऱ्याला लोक हसतात. झाला अभ्यास. आता हे हूक लाव."

भाची हूक लावायला बसली, पण तिचं लक्ष सगळं फळीवर. फळीवर पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर चिठ्ठ्या. 'सासू'. 'गुंड'. 'गरीब'. 'हसवायचे'.

तिने शेवटची पेटी उघडली. आत पोपटी सॅटिनचे शर्ट, गुलाबी स्कार्फ, बुडाला घट्ट पँटी.

"कथेत तसला कुणी आला की ही पेटी निघते," मावशी म्हणाली. "शर्टाचा एक खांदा मी इंचभर मोठा कापते. चालताना तो घसरतो, नट तो सावरतो, की लोक पोट धरून हसतात."

"ही तुझी युक्ती?"

"मग काय दिग्दर्शकाची? त्याला खांदा कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही."

भाचीने वहीत लिहून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामाचे शर्ट कोण शिवतं गं?"

"मीच. दोघांचेही."

"त्यांचा कुठला खांदा मोठा कापतेस?"

मावशीची कात्री कापडातच अडकली.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बावीस वर्षं एका गणिताच्या मास्तरांबरोबर राहत होता. दोघांचा मिळून धंदा कसलाच नव्हता, तरी घरात सगळे मास्तरांना 'भागीदार' म्हणत. खरं सगळ्यांना माहीत होतं, तोंड मात्र कुणाला नव्हतं. दोघेही करड्या पँटी घालत आणि पंख्याच्या वेगावरून लग्न झालेल्या जोडप्यासारखे भांडत. मावशीच्या घरी सगळे मिळून मालिका बघत. खांदा घसरला की घर हसायचं आणि मामा पाणी प्यायला उठायचा. दर वेळी. मावशीला वाटायचं, याला साखर झालीय. दोनदा त्याला रक्त तपासायला पाठवलं होतं तिनं.

"साखर," मावशी स्वतःशीच म्हणाली. "काय बाई अक्कल माझी."

दोन दिवसांनी वरून निरोप आला. नायकाचा मोठा भाऊ तसला आहे, पेटी काढा. मावशीने चौकड्यांचा साधा शर्ट पाठवला, दोन्ही खांदे सारखे.

दिग्दर्शक तणतणत शिवणखोलीत आला. "हे काय? लोकांना कळणार कसं तो कोण आहे?"

"त्याला संवाद दिलाय ना? बोलेल तो. लोकांना कान आहेत."

"आणि हसणार कशाला?"

"विनोद लिहा मग. इतकी वर्षं हसवलं माझ्या खांद्याने आणि पाठ थोपटून घेतली तुम्ही."

इस्त्रीवाली मान खाली घालून खुसखुसली. दिग्दर्शकाचे कान लाल झाले. "मावशी, मला दुसरा शिंपी बघावा लागेल."

सव्वीस वर्षांची नोकरी. पण तिने पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आत नुसत्या बाह्या, कॉलर, पाठी. सकाळी सातला येऊन तिने एकूण एक शर्ट उसवला होता.

"बघा शिंपी. आज मात्र त्याला उघडा उभा करा नाहीतर हा शर्ट घाला."

दिवे लागलेले, नायक घड्याळ बघत बसलेला. दिग्दर्शक पाय आपटत गेला. मावशी आणि भाची दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

नटाला असली कामं करायची सवय होती. सवयीने त्याचा हात खांद्याकडे गेला. सावरायला तिथे काही नव्हतं. हात हवेत राहिला, मग बिचाऱ्याने तो खिशात घातला. आणि सरळ उभं राहून सरळ आवाजात आईला म्हणाला, "मी माझ्या जोडीदाराबरोबर राहणार आहे. तुला भेटायला येत जाईन, पण दोघं येऊ."

कुणी हसलं नाही. दिवेवाल्याने नाक ओढलं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचाच विसरला.

मग भानावर येऊन म्हणाला, "अगदी असंच हवं होतं मला. सकाळपासून हेच तर सांगतोय." आणि मावशीकडे न बघता, "उद्या जोडीदारालाही असाच शर्ट लागेल."

"नवीन शिंप्याला सांगा की," मावशी म्हणाली.

"मावशी, ताणू नका हो."

"माप पाठवा."

भाचीची वही भराभर भरत होती. मावशीने तिच्या खांद्यावरून डोकावून वाचलं.

"दिग्दर्शकाचं सगळं लिहिलंस. आणि खांदा कोण मोठा कापायचं?"

"तुझं नाव कशाला घालू, मावशी?"

"घाल. ठळक अक्षरात घाल. आणि मामाला मीच वाचायला देणार आहे, तेव्हा अक्षर नीट काढ."